मंगल, घरत आणि एक पिक्सेल

मंगल फाँटला नावं ठेवणं हा आमच्या ऑफिसातल्या डिझायनर मंडळींचा आवडता उद्योग आहे. सरकारी दिसतो, कळाहीन आहे, लग्नपत्रिकेत वापरला तर नवरी मांडवातून पळून जाईल... एक ना दोन. परवा जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तोच विषय निघाला आणि मी एकटी मंगलच्या बाजूने भांडले. पंधरा मिनिटांत सगळं सांगून होईना, म्हणून या शनिवारचा लेख मंगलवर.

माझं म्हणणं थोडक्यात असं. संगणकावर मराठी आणण्यात ज्या गोष्टींचा हात आहे त्यांत मंगलचा नंबर फार वरचा आहे. तो ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला ते र. कृ. जोशी आपल्याकडचे थोर अक्षररचनाकार होते. आणि मंगल दिसायला साधा आहे, यातच त्यांचं थोरपण मला सगळ्यात जास्त दिसतं.

आधी जोशींविषयी, कारण आमच्या टेबलावर सहापैकी पाच जणांना हे नावच माहीत नव्हतं. रघुनाथ कृष्ण जोशी. जन्म १९३६. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. बरीच वर्षं जाहिरात क्षेत्रात, उल्कासारख्या मोठ्या एजन्सीत काढली. १९८३ पासून १९९६ पर्यंत आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, शिकवलं. तिथून निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात, हे गेले जुहूच्या एनसीएसटीत. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे संगणकतज्ज्ञांच्या बरोबर बसून त्यांनी भारतीय लिप्यांचे फाँट केले. शिवाय ते कवी होते, सुलेखनकार होते. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ उभा करणाऱ्या चित्रकविता त्यांनी केल्या. सगळ्या भारतीय भाषांना चालेल अशा 'देशनागरी' लिपीचा विचार त्यांनी मांडला होता. वेदपाठातल्या स्वरांच्या खुणा युनिकोडमध्ये याव्यात म्हणून शेवटपर्यंत काम केलं. ५ फेब्रुवारी २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले. वैदिक चिन्हांचा विभाग युनिकोडमध्ये आला तो २००९ मध्ये, म्हणजे तो बघायला ते नव्हते.

आता मंगल. फाँटच्या फाइलमध्ये त्याची जन्मकुंडली लिहिलेली असते. कुणी बनवला, कशासाठी बनवला वगैरे. मंगलच्या कुंडलीत दोन नावं आहेत: टाइप डायरेक्टर म्हणून रघुनाथ जोशी आणि त्यांच्याबरोबर विनय सायनेकर. आणि उद्देशाच्या जागी स्पष्ट लिहिलंय की हा फाँट युजर इंटरफेससाठी केलेला आहे. म्हणजे मेनू, बटणं, फाइलींची नावं, 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. पुस्तक छापणं, दुकानाची पाटी करणं, लग्नपत्रिका सजवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. ज्या कामासाठी केला नाही ते जमत नाही म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. हे म्हणजे होडीला घाट चढता येत नाही म्हणून नापास करण्यासारखं झालं.

मंगल येण्याआधी काय परिस्थिती होती हे माझ्या वयाच्या लोकांनी फारसं पाहिलेलं नाही. मला थोडं माहीत आहे कारण आमच्या मोठ्या काकांचा रोह्याला छोटा छापखाना होता. आधी खिळ्यांचा, मग डीटीपीचा. धावीर महाराजांच्या उत्सवाची पत्रकं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असली कामं. खिळे जुळवण्याच्या काळातलं बोलायला बसले की ते एक वाक्य हटकून म्हणायचे, "अगं, तुमच्या कॉम्प्युटरात जागा फुकट मिळते. आमच्याकडे कोरी जागापण शिशाचीच असायची." शब्दांमधली मोकळी जागा म्हणजेही एक धातूचा तुकडा, तो हाताने उचलून बसवायचा. मराठीच्या जुळाऱ्यासमोर इंग्रजीच्या कितीतरी पट घरं असलेली केस असायची. जोडाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या. हे ओझं कमी व्हावं म्हणून लोकमान्य टिळकांनीसुद्धा कमी खिळ्यांचा संच बनवायची खटपट केली होती. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात जावजी दादाजींनी निर्णयसागरची टाइप फाउंड्री आणि छापखाना काढला. त्यांच्याकडे राणोजी रावजी आरूंनी पंच कापून जी अक्षरं घडवली, त्यांवर मराठी-संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्यांचा डोळा तयार झाला. जोशी या परंपरेतले. फक्त त्यांच्या हातात शिशाऐवजी पिक्सेल आले.

काकांकडे संगणक आला तेव्हा शिशाचा त्रास संपला आणि नवाच सुरू झाला. तेव्हाचे डीटीपीचे मराठी फाँट, मग ते श्रीलिपी असोत, शिवाजी असोत की आणखी कुठले, एक युक्ती करत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त वर मराठी मुखवटा चढवलेला. मुखवटा काढला की आत काहीच्या बाही. इंजिनिअरिंगला असताना मी काकांची जुनी सीडी उघडली. शेकडो पत्रिकांच्या, याद्यांच्या फाइली. एकही वाचता येईना, कारण तो फाँट माझ्या मशीनवर नव्हता. स्क्रीनभर स्वल्पविराम, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेले इंग्रजी स्वर. त्यात 'रोहा' शोधायचं म्हटलं तर शोधता येईना, कारण त्या फाइलीत 'रोहा' हा शब्दच नव्हता!

युनिकोडने हे बदललं. प्रत्येक अक्षराला जगात एकच क्रमांक, मशीन कुठलंही असो. पण इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोक म्हणतात "मंगलमध्ये टाइप करून पाठवा" आणि त्यांना म्हणायचं असतं "युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा". एका फाँटचं नाव एका तंत्रज्ञानाला चिकटणं हा त्या फाँटचा केवढा मोठा विजय आहे बघा! पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. युनिकोड फक्त क्रमांक देतं. त्या क्रमांकांना चेहरा देणं, आणि शेजारी कोण आलंय ते बघून चेहरा बदलणं, ही फाँटची जबाबदारी. हे वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे.

पेणचाच शब्द घेऊ. 'मूर्तिकार'. टाइप करताना क्रम असा: म, दीर्घ ऊकार, र, हलन्त, त, ऱ्हस्व वेलांटी, क, काना, र. एकूण नऊ क्रमांक. आता पडद्यावर बघा. वेलांटी टाइप केली त च्या नंतर, पण काढायची त च्या आधी. र टाइप केला त च्या आधी, पण त्याचा रफार होऊन तो बसतो त च्या डोक्यावर. दोघांनी जागांची अदलाबदल केलीय. हेच 'मूर्ती' लिहिलं तर रफार तिथून उठून दीर्घ वेलांटीच्या टोकाला जातो. तुम्हीआम्ही हे दुसरीत शिकलो आणि विसरून गेलो. संगणकाला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. काही काम विंडोजमधला लिपी मांडणारा प्रोग्राम करतो, बाकीचं फाँटमध्ये लिहिलेल्या नियमांतून होतं. त्या नियमांमध्ये क्ष आणि ज्ञ साठी जी सूचना आहे तिचं जागतिक मानकातलं अधिकृत नाव चक्क 'अखंड' आहे बरं का!

दुसरं उदाहरण आपल्या खास मराठीचं. 'दर्या' आणि 'दऱ्या'. रायगड जिल्ह्यात दोन्ही भरपूर आहेत, त्यामुळे गल्लत परवडणारी नाही :-) पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा, पापणीच्या केसासारखा र. हिंदीत या दुसऱ्याची गरजच पडत नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी आपण नुक्तावाला ऱ वापरतो, पण पुढे हलन्त आणि य आला की नुक्ता गायब होऊन पापणी उमटली पाहिजे, हा नियम कुणीतरी बसून फाँटमध्ये घालावा लागतो. अशी शेकडो प्रकरणं. आमच्या भाषेत सांगायचं तर देवनागरी ही जवळपास सगळी एज केसेसचीच बनलेली आहे.

आता पिक्सेलकडे येऊ. मंगल विंडोज २००० बरोबर आला, तमिळसाठीच्या लताबरोबर. तेव्हाचे मॉनिटर आठवा. ठोकळ्यासारखे, इंचाला ९६ ठिपके, आणि ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. कडा मऊ करण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. १२ पॉइंटाचं अक्षर म्हणजे सगळे मिळून १६ पिक्सेल उंची. इंग्रजीला त्यात ऐसपैस राहता येतं. देवनागरीला तीन मजले लागतात. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. 'राष्ट्रीय' हा एकच शब्द तिन्ही मजल्यांवर मुक्काम करतो. वरच्या आणि खालच्या मजल्याला चार-चार पिक्सेल दिले, तर मधल्या अक्षराला उरतात आठ. आठ ठिपक्यांत ण, क्ष, ज्ञ, ळ काढून बघा एकदा. वहीच्या चौकटीच्या कागदावर खरंच करून बघा, मी केलंय. ज्ञ ची तर दरवेळी जिलबी होते.

सगळ्यात जिवावरचं प्रकरण म्हणजे जुळ्या भावंडांसारखी अक्षरं. घ आणि ध. भ आणि म. यांच्यातला फरक मुख्यतः वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. घ ची शिरोरेषा सलग, ध ची तुटलेली आणि तिथे एक छोटं वळण. मोठ्या अक्षरात हे सहज कळतं. लहान आकारात ती फट म्हणजे एक, फार तर दोन पिक्सेल. आता आमच्या पेण-उरणकडची आडनावं आठवा: घरत, भोईर, म्हात्रे. ती फट चुकली की घरतचा धरत होतो आणि भोईरचा मोईर. हसण्यासारखं वाटतं, पण मतदार यादीत, सातबाऱ्यावर, दाखल्यावर झालं की माणूस तालुक्याच्या ठिकाणी चपला झिजवत बसतो. पडद्यावर बघून टाइप करणाऱ्या आणि तपासणाऱ्या कारकुनाला घ हा घ च दिसला पाहिजे, ध चा संशयही यायला नको. मंगलची अक्षरं मोकळी ठेवलीत, फटी उघड्या आहेत, गाठी बुजत नाहीत, रेषेची जाडी जवळपास एकसारखी आहे. बोरूच्या अक्षरातला तो सुंदर जाड-बारीकपणा त्यात नाही, कारण एका पिक्सेलचं अर्ध करता येत नव्हतं.

मंगलच्या ओळींमधलं अंतर जास्त असतं आणि एका पानाचं पत्र दीड पानांवर जातं, ही दुसरी नेहमीची तक्रार. त्याचं कारणही हेच तीन मजले. एकतर अक्षर चेपायचं, नाहीतर ओळ उंच करायची. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकला असता तर ते कुणीच माफ केलं नसतं. त्यामुळे कागद थोडा जास्त गेला तरी चालेल, पण वाचताना अडखळायला नको, असा तो निर्णय दिसतो. मला तो पटतो.

हे सगळं करणारा माणूस कोण होता ते परत आठवा. आयुष्यभर कुंचला आणि बोरू हातात असलेला सुलेखनकार. अक्षराला वळणं देणं, झोकात फेकणं, त्यातून चित्र आणि कविता काढणं हे ज्याचं बलस्थान. अशा माणसाने स्वतःची सही कुठेही न दाखवणारा फाँट करावा, हे मला विलक्षण वाटतं.

आमच्या भागात याला एक जवळचं उदाहरण आहे. पेण, हमरापूर, जोहे इकडच्या कारखान्यांत एका साच्यातून हजारो गणपती निघतात. बाहेरच्यांना वाटतं, साचाच तर आहे, त्यात काय कला. पण साचा ज्याच्यावरून काढतात ती पहिली मूर्ती कुणीतरी हाताने घडवलेली असते. त्याला विचार करावा लागतो की सोंडेचा बाक साच्यातून सुटेल का, बोटं मोडतील का, टेम्पोतून मुंबईला जाताना हात टिकेल का. जास्त नखरा केला तर मूर्ती देखणी होईल पण हजारातल्या दोनशे फुटतील. पहिल्या मूर्तीत नको ते गाळायची समज लागते. डोळ्यांची आखणी नंतर हाताने होते आणि कौतुक तिचंच होतं, ते बरोबरही आहे. पहिल्या मूर्तीच्या कारागिराचं नाव मात्र फारसं कुणी विचारत नाही. मंगल ही तशी पहिली मूर्ती आहे. आणि एकट्या देवनागरीचीच नव्हे. तमिळची लता, गुजरातीची श्रुती, कन्नडची तुंगा, तेलुगूची गौतमी, बंगालीची वृंदा, मल्याळमची कार्तिका, विंडोजच्या या भारतीय फाँटांच्या मागेही जोशी होते. एवढ्या लिप्यांना विंडोजमध्ये घर मिळवून देणं हे केवढं काम आहे, याचा विचार केला की मला गरगरतं.

आता मंगलचे दोष. ते आहेत, आणि आंधळी भक्ती मला करायची नाही. मराठी माणसाला सगळ्यात खटकतात ते ल आणि श. मंगलमध्ये दोघांची वळणं हिंदीची आहेत. आपला ल दोन पाकळ्यांचा, त्यांचा दांडीवाला. एका फाँटमध्ये मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांची सोय लावायची तर कुणाचा तरी ल मागे पडणार, आणि आपला पडला. राज्य सरकारला २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये शासन निर्णय काढून मराठी वर्णमाला आणि ल-श ची मराठी वळणं ठरवून द्यावी लागली. लहान मुलं शाळेत एक ल शिकतात आणि पडद्यावर दुसरा बघतात, ही गोष्ट छोटी नाही. दुसरा दोष, मंगल कागदावर किडकिडा दिसतो. तिसरा, मोठ्या आकारात त्याला काही व्यक्तिमत्त्व उरत नाही.

पण यातले शेवटचे दोन दोष मंगलचे किती आणि आपले किती? पेणहून रोह्याकडे येताना वाटेतल्या पाट्या बघा. रंगाऱ्याने हाताने रंगवलेली कारखान्याची जुनी पाटी अजून एखादी दिसते. जाड, गोल, सावली दिलेली अक्षरं, लांबून ओळखू येणारी. तिच्या शेजारी नवीन फ्लेक्स, त्यावर मेनूसाठी केलेला फाँट चार फूट ताणून बसवलेला. ही चूक जोशींची कशी? फुकट मिळालं ते सगळीकडे वापरलं, पुढचं काही मागितलंच नाही. आता तर ते कारणही उरलेलं नाही. एक टाइपसारख्या मुंबईतल्या मंडळींनी मुक्त, बलू, मोदक असे फाँट करून सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. त्यातला मोदक तर नावाप्रमाणे गुबगुबीत, गणपतीच्या पाटीसाठीच जन्माला आल्यासारखा.

मंगलची नोकरीही आता संपत आलीय. विंडोज ८ मध्ये, २०१२ ला, त्याची जागा निर्मलाने घेतली. विंडोज १० पासून तर तो वेगळा मागवून घ्यावा लागतो. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर बहुधा नोटोमध्ये वाचताय. तरीही लोक अजून म्हणतात "मंगलमध्ये पाठवा". नाव मागे राहिलं, फाँट गेला.

माझी अपेक्षा फार नाही. मंगल सुंदर आहे असं कुणी म्हणू नये, तो सुंदर व्हायला आलाच नव्हता. पण नावं ठेवण्याआधी त्याला काय काम दिलं होतं, ते कुठल्या मशीनवर करायचं होतं आणि त्याने ते केलं का, हे तीन प्रश्न विचारावेत. आम्ही एकमेकांचा कोड तपासताना हेच विचारतो, मग अक्षरांना वेगळा न्याय का? आणि दुसरं म्हणजे, आपण गाण्याचा संगीतकार विचारतो, नाटकाचा नेपथ्यकार विचारतो, तसं अक्षर कुणाचं हेही विचारावं. दिवसभर आपण दुसरं काय बघतो, अक्षरंच ना?

सोमवारी ऑफिसात पुन्हा वाद होणार आहे. चौकटीच्या कागदावरच्या माझ्या ज्ञ च्या जिलब्या बरोबर घेऊन जाणार आहे. ज्याला मंगल हसण्यावारी न्यायचा असेल त्याने आधी आठ ठिपक्यांत ज्ञ काढून दाखवायचा. मग बोलू.

असो. बाकी पुढच्या शनिवारी.